रेल्वे जळाली, पाच सांधे उरले

फायनल इयरला आमच्या ग्रुपच्या डॉक्युमेंटरीचं सगळं फुटेज एकाच हार्ड डिस्कमध्ये होतं. सबमिशनच्या चार दिवस आधी ती डिस्क उघडेचना. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने हे भोगलं असेल. आमचं काम तीन महिन्यांचं होतं, तरी आम्ही दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याचं काम जवळजवळ वीस वर्षांचं होतं आणि ते एका आगीत गेलं. त्याचं नाव जॉन अ‍ॅलन.

तुम्ही हे नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. पण घरात छोटी रेल्वे उभारणाऱ्या जगभरातल्या हौशी लोकांना विचारा. क्रिकेटवाल्यांना ब्रॅडमन, तसा त्यांना जॉन अ‍ॅलन.

आधी एक गैरसमज दूर करू. मॉडेल रेल्वे म्हणजे चावी दिली की गोल गोल फिरणारी गाडी नव्हे. खऱ्या रेल्वेची मापात छोटी केलेली प्रतिकृती म्हणजे मॉडेल रेल्वे. जॉन ज्या मापात काम करायचा त्याला एचओ म्हणतात. यात प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या ८७ पट छोटी असते आणि दोन रुळांमधलं अंतर असतं फक्त १६.५ मिलिमीटर. डोंगर, पूल, बोगदे, स्टेशन, गाव, सगळं त्याच मापात.

जॉनचा जन्म २ जुलै १९१३ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावचा. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला आणि त्याने हृदय कायमचं कमजोर करून टाकलं. पुढे तो फोटोग्राफर झाला. त्याच जोरावर त्याने पोट भरलं आणि १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे या समुद्रकाठच्या गावी राहायला गेला. तिथे त्याने आपली पहिली रेल्वे बांधली. आकार किती? एखाद्या मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढा.

रेल्वेचं नाव त्याने ठेवलं ‘गोरी अँड डॅफेटिड’. इंग्रजीत भरभर म्हटलं की ऐकू येतं ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’! स्वतःच्या लाडक्या प्रोजेक्टला असं नाव देणारा माणूस स्वतःला फार सिरियसली घेत नसणार, हे उघड आहे. या रेल्वेवर एम्मा नावाचं इंजिनसुद्धा होतं. फक्त ते इंजिन नव्हतं, स्टेगोसॉरस जातीचा डायनासोर होता. डबे ओढायच्या कामाला लावलेला!

पण गंमत वेगळी आणि काम वेगळं. कामात तो भयंकर चोख होता. १९५३ च्या सुमारास त्याने नव्या घराच्या तळघरात मोठी रेल्वे बांधायला घेतली आणि ती पहिली टेबलाएवढी रेल्वे तिच्यातच सामावून घेतली. जमिनीपासून थेट छतापर्यंत डोंगर उभे केले. जागा कमी पडली तिथे आरसे बसवले, म्हणजे दरी दुप्पट खोल दिसते. दुकानातले डबे नवे कोरे, चकचकीत असायचे. जॉन त्यांच्यावर गंज, धूळ, काजळी रंगवायचा, कारण खरी मालगाडी कधीच चकचकीत नसते. आज हे सगळे करतात, पण ही रीत रूढ करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतलं जातं. आणि फोटोग्राफर असल्यामुळे तो हे सगळं असं टिपायचा, की मासिकात बघणाऱ्याला क्षणभर खरा घाट वाटावा.

आता थोडं तांत्रिक सांगते, पान उलटू नका. कुठलंही मोठं स्टेशन जवळ आलं की लोकल खडखड करत एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ना? तिथे सांधा असतो. सांध्यात दोन निमुळते रूळ सरकणारे असतात आणि एका आडव्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टी एका बाजूला सरकवली की गाडी सरळ, दुसऱ्या बाजूला सरकवली की वळणावर. छोट्या रेल्वेतही अगदी हेच, फक्त पट्टी दोन-तीन मिलिमीटरच सरकते. त्यासाठी विजेच्या मोटरी मिळतात, पण प्रत्येक सांध्याला एक घ्यायची म्हटलं तर खिसा रिकामा होतो. म्हणून अनेक जण हाताने चालणारी यंत्रणा घरीच बनवतात. फळीखाली साधा स्लाइड स्विच बसवायचा. त्याच्या दांड्याला बारीक भोक पाडून स्टीलची ताठ तार ओवायची आणि फळीतल्या भोकातून वर पट्टीपर्यंत न्यायची. फळीच्या कडेपर्यंत एक सळी काढली, की ती ओढली-ढकलली की सांधा बदलतो. स्विच टक् करून जागेवर बसतो, त्यामुळे सांधा आपोआप परत सरकत नाही. तार थोडी लवते आणि स्प्रिंगसारखा दाब देते. शिवाय सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दिशेप्रमाणे वीज बदलावी लागते. तेही काम तोच स्विच करतो. जुगाडच, पण डोकं वापरून केलेला!

हे सगळं सांगितलं कारण जॉनने आयुष्याच्या शेवटी जी गोष्ट लोकांना दिली, ती सांध्यांवरच उभी आहे. तिचं नाव ‘टाइमसेव्हर’. एका लांब फळीवर पाच सांधे, एक इंजिन, पाच डबे. प्रत्येक डबा ठरलेल्या जागी पोहोचवायचा. सोपं वाटतं? रूळ मुद्दाम इतके आखूड ठेवलेत की एक डबा हलवायला आधी दुसरा बाजूला काढावा लागतो आणि त्यासाठी तिसरा. नावात वेळ वाचवणं आहे, पण खेळायला बसलात तर संध्याकाळ जाते. हे कोडं नोव्हेंबर १९७२ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात छापून आलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ६ जानेवारी १९७३ ला, जॉन हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५९. तळघरातलं काम तेव्हाही चालूच होतं. आणि दहा-एक दिवसांनी त्या घराला आग लागली. डोंगर, पूल, दऱ्या, जवळजवळ सगळं जळालं. वीस वर्षं.

हे वाचलं तेव्हा मला आमची हार्ड डिस्क आठवली. पण आणखी एक गोष्टही आठवली. आमच्या फुटेजमधली एक दोन मिनिटांची क्लिप वाचली होती, कारण मी ती मैत्रिणीला आधीच पाठवली होती. शेवटी फिल्म तिच्याभोवतीच उभी राहिली.

जॉनचंही तेच झालं. जे त्याच्या तळघरात होतं ते गेलं. जे त्याने दुसऱ्यांना दिलं ते टिकलं. त्याचे फोटो मासिकांत होते, गंज रंगवायची रीत लोकांच्या हातात होती. लिन वेस्टकॉट या संपादकाने त्याच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८१ मध्ये आलं, त्यात ती रेल्वे आजही पाहता येते. आणि टाइमसेव्हर तर अजून बांधला जातो, खेळला जातो.

म्हणून काही बनवत असाल, कविता, ॲप, फिल्म, रोबो, काहीही, तर ते पूर्ण व्हायची वाट बघत कपाटात ठेवू नका. अर्धंमुर्धं असलं तरी कुणाला तरी दाखवा, कसं केलं ते सांगा. आणि या सुट्टीत हात शिवशिवत असतील तर एक फळी, पाच सांधे, पाच स्लाइड स्विच आणि थोडी तार आणा. इंजिन कुणाकडून उसनं मिळालं तरी चालेल. पहिला डबा जागेवर लावताना वैतागलात, की समजा जॉन अ‍ॅलनशी तुमची ओळख झाली.