अतुल चिटणीस: मासिकाच्या सीडीवर लिनक्स पाठवणारा बेळगावचा इंजिनिअर

पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप रिस्टार्ट केला, बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडला की दोन-तीन मिनिटांत आख्खं लिनक्स समोर येतं. हार्ड डिस्कला हात लागत नाही, विंडोज जागच्या जागी राहतं. आवडलं तर ठेवा, नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढा आणि विसरून जा. याला लाइव्ह लिनक्स म्हणतात. ते कसं करायचं याचे यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत. त्यामुळे आज स्टेप्स कमी सांगणार आहे आणि एका माणसाबद्दल जास्त. आपल्या देशात लिनक्स लोकांच्या हातात, म्हणजे अक्षरशः हातात, देणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी हा एक. नाव अतुल चिटणीस.

आमच्या इस्लामपुरातून हायवेला लागलं की कोल्हापूर, निपाणी करत बेळगाव साधारण दीडशे किलोमीटर. चिटणीसांचा जन्म मात्र २० फेब्रुवारी १९६२ चा, थेट जर्मनीतल्या बर्लिनचा. इंजिनिअरिंग केलं ते बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून. हे कॉलेज १९७९ चं. आमच्याकडचं राजारामनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. म्हणजे या भागात इंजिनिअरिंगची कॉलेजं नुकती कुठे उभी राहत होती, तेव्हाची ही पिढी. पुढे ते बंगळूरला गेले आणि कायमचे तिथलेच झाले.

तिथे १९८९ मध्ये त्यांनी सीआयएक्स नावाची एक सेवा सुरू केली. ही बुलेटिन बोर्ड सर्व्हिस, म्हणजे बीबीएस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्दही ऐकला नसेल, म्हणून जरा थांबून सांगतो. एका ठिकाणी एक कॉम्प्युटर, त्याला मोडेम आणि मोडेमला टेलिफोनची लाइन. तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या मोडेमनं त्या नंबरवर फोन लावायचा. लागला की काळ्या स्क्रीनवर अक्षरं उमटायची. लोकांनी लिहिलेले मेसेज वाचायचे, आपले टाकायचे, फाइल उतरवून घ्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपचे आजोबा म्हणा हवं तर. फरक एवढाच की एका लाइनवर एका वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं फोन केला तर एंगेज टोन. आणि बंगळूरबाहेरून लावायचा तर एसटीडीचं बिल.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळायच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे. चिटणीसांनी ही सेवा नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालवली. नंतर त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला इथंच दिसतं. सॉफ्टवेअर आणि माहिती कुठेतरी आहे, ती हवी असलेला माणूसही आहे, पण दोघांच्या मधली वायर फारच बारीक आहे, हे त्यांनी रोज रात्री पाहिलं असणार.

वायर किती बारीक होती?

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवातीला फक्त मोठ्या शहरांत. चित्रं दिसतील असं खातं हवं तर २५० तासांचे १५ हजार रुपये. वेग ९.६ केबीपीएस. आता हिशेब करा. एका सीडीत ६५० एमबी मावतात. या वेगानं, लाइन एकदाही न तुटता, तेवढा डेटा उतरवायला साधारण १५८ तास लागतात. जवळजवळ साडेसहा दिवस. म्हणजे वर्षाच्या पॅकमधले निम्म्याहून जास्त तास एका सीडीत संपले. आणि लाइन तुटायचीच. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला तर आधी मोठ्या शहरात एसटीडी लावायचा, म्हणजे हा हिशेबच नको.

लिनक्स तेव्हा चार-पाच वर्षांचं होतं. लिनस टोरवाल्ड्सनं ते १९९१ मध्ये जगासमोर ठेवलं होतं. फुकट, सोर्स कोडसकट, कॉपी करा, वाटा, बदला, सगळ्याला परवानगी. पण फुकट असून उपयोग काय, आणायचं कसं?

चिटणीस तेव्हा पीसीक्वेस्ट या मासिकात लिहीत होते. त्यांनी मासिकाला गळ घातली आणि १९९६ साली पीसीक्वेस्टच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाचकांच्या घरी गेली. त्यात स्लॅकवेअर ही आवृत्ती होती. पीसीक्वेस्ट लिनक्स इनिशिएटिव्ह या नावानं हा उपक्रम ओळखला जातो. पुढे दरवर्षी लिनक्सची नवी आवृत्ती अंकाबरोबर येत राहिली आणि नंतर मासिकानं पीसीक्यूलिनक्स या नावानं स्वतःची आवृत्तीसुद्धा काढली.

१५८ तासांचं डाउनलोड पोस्टमननं दारात आणून टाकलं, असा हा प्रकार. आणि एक सीडी एका घरात थांबत नव्हती. विंडोजची सीडी मित्राला कॉपी करून देणं ही चोरी. याची कॉपी देणं कायदेशीर, उलट अपेक्षितच. हॉस्टेलमध्ये एक अंक आला की आख्ख्या विंगचं काम व्हायचं. नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंग केलेल्या एखाद्या सीनियरला विचारून बघा, पहिलं लिनक्स कुठून मिळालं. बऱ्याच जणांचं उत्तर मासिकाची सीडी हेच येतं.

हातात सीडी आली, पण...

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लाइव्ह लिनक्स का महत्त्वाचं आहे ते यातूनच कळतं. १९९६ ची ती सीडी लावली की लिनक्स सुरू होत नव्हतं. ते इन्स्टॉल करावं लागायचं. तेव्हाचे बहुतेक पीसी सीडीवरून बूटच होत नसत. सीडीवरून बूट कसं करायचं याचा नियम, एल टोरिटो नावाचा, १९९५ मध्येच ठरला होता; तो घराघरातल्या मशीनपर्यंत यायला वेळ लागला. मग काय करायचं, तर डॉसमध्ये जाऊन रॉराइट नावाच्या प्रोग्रॅमनं दोन फ्लॉपी बनवायच्या, एक बूटची आणि एक रूटची. फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं. मग एफडिस्कनं हार्ड डिस्कचे भाग पाडायचे. इथे एक आकडा चुकला की विंडोज, वडिलांचा हिशेब, सगळं साफ. ग्राफिक्ससाठी मॉनिटरचा रिफ्रेश रेट हातानं भरायचा आणि तो चुकीचा भरला तर मॉनिटर जळू शकतो, अशी सूचना मॅन्युअलमध्येच असायची. पीसी म्हणजे तेव्हा घरातली टीव्ही-फ्रिजपेक्षा महाग वस्तू. तुमच्या घरी कुणी हे करू दिलं असतं का?

म्हणून लिनक्स यूजर ग्रुप महत्त्वाचे होते. बंगळूरमध्ये असा ग्रुप होता आणि चिटणीस त्यात पुढे होते. इन्स्टॉलफेस्ट व्हायचे. लोक आपला सीपीयू काखोटीला मारून आणायचे आणि जाणकार मंडळी ते लिनक्स टाकून द्यायची.

ही भीती मुळातून घालवली ती लाइव्ह सीडीनं. कल्पना जुनी होती. इग्ड्रासिल नावाच्या लिनक्सनं १९९२ मध्येच सीडीवरून चालणारी सिस्टिम दिली होती, पण तिलाही सुरू व्हायला फ्लॉपी लागायची. खऱ्या अर्थानं गाजलं ते क्नॉपिक्स, २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरनं बनवलेलं. सीडी टाकायची, रिस्टार्ट करायचं, बस. त्यानं फाइली दाबून ठेवायची अशी युक्ती केली की दोन जीबीच्या आसपासची सिस्टिम ७०० एमबीच्या सीडीत बसली, आणि लागेल तेवढाच भाग त्या त्या वेळी उलगडायचा.

आजचं लाइव्ह लिनक्सही याच तत्त्वावर चालतं. पेन ड्राइव्हवर स्क्वॅशएफएस नावाची एक दाबलेली फाइल असते, तिच्यात पूर्ण सिस्टिम. ती फक्त वाचता येते, बदलता येत नाही. तिच्यावर रॅममध्ये एक लिहिता येणारा थर पसरतात, त्याला ओव्हरले म्हणतात. नकाशावर काच ठेवून काचेवर मार्करनं लिहिल्यासारखं. तुम्ही वॉलपेपर बदला, फाइल बनवा, सॉफ्टवेअर टाका, सगळं काचेवर. मशीन बंद केलं की काच पुसली, खालचा नकाशा जसाच्या तसा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही थोडं असंच असतं. सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता आणि तुमचे फोटो-ॲप वेगळ्या डेटा पार्टिशनवर. म्हणून फॅक्टरी रीसेट केल्यावर फोटो जातात पण अँड्रॉइड राहतं. लाइव्ह लिनक्समध्ये तो डेटाचा भाग रॅममध्ये असतो, एवढाच फरक. काम टिकून राहायला हवं असेल तर पर्सिस्टन्स नावाची सोय वापरा. तिच्यात काचेवरचं लिखाण पेन ड्राइव्हच्या वेगळ्या भागात जपलं जातं.

पेन ड्राइव्ह बनवायला विंडोजवर रुफस आहे, अनेक आयएसओ एकाच पेन ड्राइव्हवर हव्या असतील तर व्हेंटॉय. घरी कॉम्प्युटर बंद पडलाय आणि हातात फक्त फोन आहे? ओटीजी केबल लावून एचड्रॉइड नावाच्या अँड्रॉइड ॲपनंसुद्धा आयएसओ लिहिता येते. दोनच गोष्टी जपा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाणार आहे. आणि लाइव्ह डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसतं, त्याच्या वाटेला सहज म्हणून जाऊ नका. तिथून पुढे हार्ड डिस्कचा प्रश्न सुरू होतो.

वापरणारे आणि बनवणारे

परत चिटणीसांकडे. २००१ मध्ये बंगळूरच्या यूजर ग्रुपनं लिनक्स बंगळूर ही परिषद सुरू केली. तिच्यामागचा मुख्य माणूस म्हणजे चिटणीस. २००५ मध्ये तिचं नाव फॉस डॉट इन झालं आणि आशियातल्या मोठ्या ओपन सोर्स परिषदांत ती गणली जाऊ लागली. लिनक्स कर्नलवर काम करणारे ॲलन कॉक्स, हॅराल्ड वेल्टे यांच्यासारखी माणसं तिथे येऊन गेली. ज्यांची नावं आपण कोडच्या फाइलींत वाचतो ती माणसं समोर चहा पिताना दिसणं, हे तेव्हाच्या पोरांसाठी काय असेल याची कल्पना करा.

मग चिटणीसांना एक गोष्ट खटकू लागली. भारतात लिनक्स वापरणारे हजारो झाले, पण लिनक्सला काही परत देणारे बोटांवर मोजण्याइतके. प्रोग्रॅमरांचा देश म्हणवून घ्यायचं आणि फुकटचं नुसतं घ्यायचं, हे त्यांना पटेना. स्वभाव फटकळ. हे ते उघड बोलायचे, त्यावरून खटके उडायचे, काही जण दुखावलेही. परिषदेचा भर पुढे भाषणांवरून प्रत्यक्ष कोड लिहिण्याकडे वळला. नवशिक्यांना लिनक्स म्हणजे काय ते सांगण्यापेक्षा जे काही बनवताहेत त्यांना एकत्र बसवायचं, असा.

मला यात त्यांचं पटतं, पण पूर्ण नाही. ज्या माणसानं १९९६ मध्ये अनोळखी वाचकाच्या हातात सीडी दिली त्याला वाचक काय करणार हे ठाऊक नव्हतं. बहुतेकांनी दोन दिवस खेळून ती ठेवून दिली असेल. पण उरलेल्यांपैकीच कुणी पुढे कोड लिहायला बसलं. आज इस्लामपूरच्या एखाद्या मुलानं जुन्या लॅपटॉपवर नुसतं लाइव्ह लिनक्स चालवून बघितलं, तर त्याला फुकट्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यानं तिथेच थांबू नये, हे चिटणीसांचं म्हणणं मला मान्य आहे.

आणि थांबायची गरजही नाही, कारण लाइव्ह सिस्टिम स्वतः बनवणं वाटतं तेवढं अवघड नाही. डेबियनमध्ये लाइव्ह-बिल्ड नावाचं साधन आहे. एका रिकाम्या फोल्डरमध्ये एलबी कॉन्फिग ही कमांड द्यायची, कोणती पॅकेजेस हवीत त्यांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, मग रूट अधिकारानं एलबी बिल्ड. ते इंटरनेटवरून पॅकेजेस आणतं, एका फोल्डरमध्ये सिस्टिम उभी करतं, ती दाबून स्क्वॅशएफएस बनवतं, बूटलोडर जोडतं आणि आयएसओ हातात देतं. वेळ लागतो, काही जीबी जागा लागते. समजा तुमच्या गावच्या शाळेत जुने, कमी रॅमचे दहा पीसी पडून आहेत. हलका डेस्कटॉप, मराठी फॉन्ट, मराठी टायपिंग, गणिताची दोन-चार सॉफ्टवेअर, एवढंच घालून केलेली आयएसओ तिथे लगेच उपयोगी पडते. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट करून बघा, मगच पेन ड्राइव्हवर टाका. करताना एखाद्या प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर चुकीचं दिसलं तर दुरुस्त करून मूळ प्रोजेक्टला पाठवा. चिटणीसांना जे योगदान हवं होतं त्यात हेही बसतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये चिटणीसांना आतड्याचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला फॉस डॉट इन भरली, ती शेवटची. ३ जून २०१३ रोजी बंगळूरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५१. त्याच्या महिनाभर आधी, ४ मे २०१३ ला, डेबियन ७ आली होती. तिच्या लाइव्ह आयएसओ वेबसाइटवर फुकट होत्या, ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी.