यमाईच्या डोंगरावरचा ठेवा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सोळाव्या शतकात पिर्रो लिगोरिओ या वास्तुविशारदाने रोमजवळच्या तिवोली येथे सम्राट हेड्रियनच्या भग्न प्रासादाचे उत्खनन केले. त्याच अभ्यासाच्या आधारे त्याने जवळच्या डोंगरउतारावर व्हिला देस्तेचे उद्यान रचले. पुढे युरोपातील असंख्य उद्याने त्यावरून घडली. प्राचीन अवशेषांकडून नव्या पिढीसाठी काही उभारण्याची अशीच दृष्टी सातारा जिल्ह्यातील औंधच्या एका राजाकडेही होती.

श्रीमंत भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. अवघ्या ७२ गावांचे, विखुरलेले हे संस्थान, उत्पन्नही बेताचेच. तरीही स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने वेरूळ व अजिंठ्याच्या लेण्यांचा ध्यास घेतला. चित्रकारांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि दोन्ही लेण्यांवर ग्रंथ लिहिले. सूर्यनमस्काराचा प्रसार हे त्यांचे दुसरे व्रत होते.

संग्रह वाड्यात बंद ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र यमाईच्या डोंगरउतारावर खास इमारत बांधली आणि १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय सुरू केले. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांबरोबरच हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्पही तेथे आले. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेवरच जगाची कला उभी राहिली.

हीच वृत्ती राज्यकारभारातही उतरली. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा देऊन त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा मार्ग मोकळा केला. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली राज्यघटना स्वीकारून त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५१ मध्ये बाळासाहेबांचे निधन झाले. राज्य गेले; परंतु जे त्यांनी आपल्या हयातीतच लोकांच्या स्वाधीन केले, ते डोंगरावरचे संग्रहालय मात्र टिकून राहिले.