नांगराचा विक्रेता ते रयतेचा शिक्षक

जालना शहराची ओळख पोलाद आणि बियाण्यांची. २०१८ मध्ये तिथे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र सुरू झाले आणि वर्गातील सत्रांच्या जोडीला कारखान्यातील प्रत्यक्ष काम असा पाच वर्षांचा अभ्यासक्रम राबवला जाऊ लागला. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या विद्यापीठाशी जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत, त्या विद्यापीठात कमवा व शिका ही योजनाही आहे. हे नाव महाराष्ट्राला ज्यांच्यामुळे परिचित झाले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आयुष्य कारखानदारीच्या अंगणातूनच गेले होते.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. शालेय शिक्षण कोल्हापूरला झाले, पण पदवी त्यांच्या वाट्याला आली नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. कोल्हापुरातील पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला. त्यांनी तुरुंगवास पत्करला, साक्ष मात्र दिली नाही.

पुढे ते ओगले काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे फिरते विक्रेते झाले. चरित्रांमधून हा काळ बहुधा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक भाऊरावांची खरी शाळा तीच होती. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तर त्याच्या बांधावर बसावे लागे, त्याचा हिशेब त्याला समजावून द्यावा लागे. गावोगाव फिरताना हुशार पण निरक्षर मुले त्यांना दिसत गेली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तिची बीजे या भटकंतीत आहेत.

साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांना नांगर निर्मितीकडे वळवण्यात भाऊरावांचा मोठा वाटा होता. १९२२ च्या सुमारास सातारा रोड येथे कारखाना उभा राहिला. किर्लोस्करवाडीचा अनुभव आणि शेतकऱ्यांतील ओळखी ही भाऊरावांची गुंतवणूक. नफ्यातील ठरावीक हिस्सा बहुजनांच्या शिक्षणाला मिळावा, हा त्यांचा मोबदला. कारखाना चालू लागला, हिस्सा मात्र मिळाला नाही. संतापलेले भाऊराव पिस्तूल घेऊन कूपर यांच्यावर चालून गेले होते आणि जवळच्या माणसांनी त्यांना आवरले, असे चरित्रकार सांगतात. करार कागदावर पक्का झाला असता तर काय घडले असते, हा प्रश्न आजही कुतूहलाचा आहे. त्यानंतर एकाच धनिकाच्या शब्दावर संस्था उभी करण्याचा विचार भाऊरावांनी सोडून दिला.

१९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, शेती, खोदकाम, बांधकाम स्वतः करत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही पद्धत माध्यमिक शाळेत आली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाल्यावर तीच पद्धत महाविद्यालयात पोहोचली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आजचा शिकाऊ उमेदवार भविष्यातील नोकरीसाठी हात तयार करतो. भाऊरावांचा विद्यार्थी आजचे जेवण आणि फी कमावण्यासाठी राबत असे. काम देणारा मालक बहुतेक वेळा संस्था स्वतःच होती. कौशल्याचा मेळ कारखान्याशी घालण्याचे काम त्या व्यवस्थेत अपुरेच राहिले.

१९४८ मध्ये सरकारवरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा करून शाळा चालू ठेवल्या. पुढे अनुदान पूर्ववत झाले. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. मिळाली; त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. देशात शिकाऊ उमेदवारांसाठीचा कायदा १९६१ मध्ये झाला. रयतेच्या वसतिगृहात राबून शिकलेले पी. जी. पाटील तोवर बॅरिस्टर झाले होते. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.