पंडिता रमाबाई आणि श्रद्धेचा गाभा

ख्रिस्ती म्हणविणाऱ्यानें कोणत्या गोष्टी मानल्याच पाहिजेत, हा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. जालन्याजवळ बेथेल वसविणाऱ्या रे. नारायण शेषाद्रि यांच्या या मुलखांत तो विचारला जावा, यांत नवल नाहीं. त्याचें उत्तर आम्हीं एका थोर चरित्रांत शोधणार आहों.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें कन्येस दिलें. पुढें दुष्काळांत आईबाप निवर्तले. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं रमाबाईंस 'सरस्वती' ही पदवी अर्पण केली. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला. पण दोन वर्षांच्या आंतच वैधव्य आलें.

१८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडांत गेल्या. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानें त्यांचें मन ख्रिस्ती धर्माकडे वळलें होतें. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

खरी कसोटी यानंतर लागली. चर्चची सर्व शिकवण त्यांनीं निमूटपणें मान्य करावी, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती. बाईंनीं मात्र शास्त्र स्वतः वाचलें. त्रैक्य व ख्रिस्ताचें देवत्व यांविषयीं त्यांनीं शंका काढिल्या. न मानणाऱ्यास नाशाचें भय घालणारा अथनेशियन मतांगीकार त्यांस पटेना. क्रूसावरील लॅटिन शब्दांपेक्षां त्यांस संस्कृत जवळचें वाटे. शाकाहारही त्यांनीं सोडिला नाहीं. देश परका, पदरीं लहान मूल, आणि आश्रय त्याच भगिनींचा! तरी आपली सदसद्विवेकबुद्धि दुसऱ्याच्या हवालीं करण्यास त्या तयार झाल्या नाहींत.

भगिनींची काळजी खोटी नव्हती. प्राचीन मंडळीनें मतांगीकार रचिले, ते श्रद्धेच्या रक्षणार्थच. परंतु कुंपण आवश्यक असलें, तरी कुंपण म्हणजे शेत नव्हे.

बाईंस शेत सांपडलें तें बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं. तोंवर आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असें त्यांस उमगलें. आणि त्यांनीं त्यास तारणारा म्हणून स्वीकारिलें. त्या श्रद्धेस फळेंही आलीं. १८८९ सालीं मुंबईस काढिलेल्या शारदासदनामागून केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें, आणि दुष्काळपीडित मुलींस तेथें घर मिळालें. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनीं सोप्या मराठींत बायबल उतरविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, ख्रिस्तावर भरंवसा आणि त्यास अनुसरून सेवा हा श्रद्धेचा गाभा होय. तत्त्वांचा अभ्यास अवश्य करावा. पण मुखानें उच्चारिलेली संमति अंतःकरणाची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें शंका विचारिल्यास त्यास गप्प करूं नये. प्रामाणिक शंका हीही सत्याकडे जाणारी वाट असूं शकते.