कार्व्हरचे शेत

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. काहींनी तर शाळेत बक्षीस मिळालेली प्रत अजून जपली असेल. त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचे बालपण गेले ते शेत अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, डायमंड गावाजवळ आजही आहे.

शेत मोझेस कार्व्हरचे, 240 एकरांचे. मका, ओट, फळझाडे, मधमाश्या, घोडे असा सगळा पसारा. मोझेसला गुलामगिरी पटत नसे असे सांगतात. तरी 1855 मध्ये 700 डॉलर मोजून त्याने मेरी नावाची तेरा वर्षांची मुलगी विकत घेतली. या मेरीच्या पोटी, ओंडक्यांच्या लहानशा खोपटात, 1864 च्या सुमारास जॉर्ज जन्मला. नक्की तारीख नाही. गुलामाच्या पोराची कोण लिहून ठेवणार! तो तान्हा असताना यादवी युद्धाच्या धामधुमीत एका टोळीने मायलेकांना पळवले. मोझेसने शोधायला माणूस पाठवला. मूल मिळाले, मेरी मिळाली नाही. मूल आणणाऱ्याला मोझेसने एक घोडा दिला.

जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना मोझेस व सुझनबाईंनीच वाढवले. जॉर्ज सततचा आजारी, शेतकामाला जिमच जाई. म्हणून जॉर्ज घरात सुझनबाईंच्या हाताखाली शिवण, विणकाम, धुणे, स्वयंपाक शिकला, अक्षरेही तिथेच गिरवली. उरलेला वेळ रानात. तिथे त्याने गुपचूप स्वतःची बाग लावली होती. शेजारीपाजारी मरगळलेली रोपे त्याला दाखवू लागले. पण गावातल्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज सुमारे आठ मैलांवरच्या निओशोला शिकायला निघाला, तो शेतावर राहायला असा पुन्हा आलाच नाही.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आयोवातून 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी, त्याच वर्षी टस्कीगी, मग शेंगदाणा, रताळी, कापसाने खंगलेल्या जमिनी, आणि 5 जानेवारी 1943 ला मृत्यू. त्याच वर्षी जुलैत हे शेत राष्ट्रीय स्मारक ठरले. एखाद्या कृष्णवर्णीयाच्या नावाने झालेले हे तिथले पहिले राष्ट्रीय स्मारक.

शेतावर आज जे लाकडी घर दिसते ते मोझेसने 1881 मध्ये बांधलेले. जॉर्ज तोवर निघून गेला होता. त्या घरात तो कधी राहिलाच नाही. मोझेस आणि सुझनबाईंच्या कबरीही तिथेच आहेत. मेरीची कबर कुठेच नाही. तिचे खोपटही केव्हाच गेले, फक्त जागेवर ओंडक्यांची चौकट आखून ठेवली आहे. तिचा सूत कातायचा चरखा मात्र जॉर्जने टस्कीगीच्या आपल्या खोलीत अखेरपर्यंत सांभाळला.

मुलेबाळे अमेरिकेत असलेल्यांनी जमल्यास एकदा वाट वाकडी करून जावे. मोठ्या घरापुढे फोटो काढून परतू मात्र नये. ती चौकट शोधावी.