ग्रेस हॉपर

संगणकासाठीं आज्ञावली लिहिण्याचें काम आज शाळेंतील मुलेंही करितात. आज्ञा ओळखीच्या शब्दांत लिहावी, दुसऱ्यानें पूर्वीं तयार केलेले भाग आपल्या कामास जोडावे, आणि चूक सांपडली कीं तिची नोंद ठेवावी, या रीती त्यांच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत कीं, त्या रूढ होण्यास कोणाला तरी झगडावें लागलें असेल हें त्यांच्या मनांतही येत नाहीं. या रीतींशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या अमेरिकन गणितज्ञ व आरमारी अधिकारी ग्रेस हॉपर यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही मनन करण्यासारखें आहे.

ग्रेस यांचा जन्म ता. ९ डिसेंबर १९०६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. त्यांचें माहेरचें आडनांव मरे. आईस गणिताची आवड होती, व मुलींसही मुलाइतकेंच शिक्षण मिळालें पाहिजे असा वडिलांचा आग्रह होता. सात वर्षांच्या असतांना गजराचें घड्याळ कसें चालतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं एक घड्याळ उघडलें. तें पुन्हां जुळेना म्हणून दुसरें उघडलें. असें करतां करतां घरांतील सात घड्याळें मोकळीं झालीं! आईनें यापुढें एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा ठेवली. पुढें व्हॅसार कॉलेजांत प्रवेश मिळविण्याच्या वेळीं लॅटिनच्या परीक्षेंत त्या नापास झाल्या व एक वर्ष थांबणें भाग पडलें. परंतु त्याच कॉलेजांतून त्या १९२८ सालीं पदवीधर झाल्या, १९३४ सालीं येल विद्यापीठाची गणितांतील डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, आणि व्हॅसारमध्येंच त्यांनीं गणित शिकविलें.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर आरमारांत जाण्याची त्यांस ओढ लागली. वय नियमापेक्षां अधिक आणि वजन नियमापेक्षां कमी, अशी दुहेरी अडचण होती. तरी खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या डिसेंबरांत दाखल झाल्या. १९४४ सालीं त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठांतील 'मार्क वन' या गणनयंत्रावर झाली. हें यंत्र ५१ फूट लांब व ८ फूट उंच होतें, आणि छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून तें आज्ञा घेई. तेथील प्रमुख हॉवर्ड एकन यांनीं या यंत्राचें मार्गदर्शक पुस्तक लिहिण्याचें काम हॉपरबाईंवर सोंपविलें. आपण कधीं पुस्तक लिहिलें नाहीं, ही त्यांची सबब चालली नाहीं. लिहिलेलें रोज एकन यांस वाचून दाखवावयाचें, असा शिरस्ता पडला. पांचशेंहून अधिक पृष्ठांचा तो ग्रंथ १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. यंत्र कसें चालवावें हें चालविणाराच्या डोक्यांत न राहतां कागदावर आलें पाहिजे, हा धडा त्यांनीं येथें घेतला.

त्या काळीं प्रत्येक गणिताची आज्ञावली मुळापासून आंकड्यांत लिहावी लागे. म्हणून हॉपरबाई व त्यांचे सहकारी बिनचूक ठरलेले भाग वहीत उतरून ठेवीत, आणि गरज पडेल तेव्हां एकमेकांच्या वहीतून घेत. रीत उत्तम होती, पण हातानें नक्कल करतांना आंकडा बदले, अक्षर भलतेंच वाचलें जाई, बेरीज चुके. माणूस कितीही हुशार असला तरी नक्कल करण्यांत चुकतो, ही गोष्ट त्यांनीं पक्की ध्यानांत ठेवली.

१९४७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ९ तारखेस 'मार्क टू' हें यंत्र अडलें. शोध घेतां आंत एक पतंग अडकलेला सांपडला. यंत्रावरील मंडळींनीं तो काढून नोंदवहींत चिकटविला. यंत्रांतील दोषास 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्याहून जुनी आहे, व पतंग शोधणाऱ्याही हॉपरबाई नव्हेत. मात्र ही हकीकत त्या इतक्या रंगवून सांगत कीं, ती जगभर झाली. ती वही आज अमेरिकेंतील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. चूक लपवूं नये, तारीख घालून नोंदवावी, हें तिच्यापासून शिकावें.

१९४९ सालीं त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट व मॉकली यांच्या कंपनींत गेल्या. नक्कल करण्यांत माणूस चुकतो, तर तें काम यंत्रासच कां सांगूं नये, असा विचार त्यांनीं केला. तयार भागांस क्रमांक देऊन ते चुंबकीय फितीवर ठेवावयाचे; माणसानें फक्त क्रमांक लिहावयाचे, आणि भाग शोधून जोडणी यंत्रानें करावयाची. १९५२ सालच्या सुमारास हा त्यांचा पहिला 'कंपायलर' चालूं लागला, परंतु पुष्कळांचा त्यावर विश्वास बसेना. यंत्र केवळ अंकगणित करतें, असें जाणते लोकही म्हणत.

त्यांनीं आणखी पुढचें पाऊल टाकलें. व्यापाराचा हिशेब करणारास चिन्हांपेक्षां शब्द सोपे, म्हणून आज्ञा शब्दांत असाव्या असें त्यांनीं सुचविलें. प्रात्यक्षिकांत त्यांनीं इंग्रजी शब्दांच्या जागीं फ्रेंच व जर्मन शब्द घालूनही यंत्र चालतें असें दाखविलें, तेव्हां कंपनीचे अधिकारी उलट बिचकलेच! तरी चिकाटीनें त्यांनीं 'फ्लो-मॅटिक' ही भाषा सिद्ध केली. १९५९ सालीं सरकार व कंपन्या यांच्या समितीनें 'कोबोल' ही सर्वसाधारण भाषा आंखण्यास घेतली, तिचा मोठा आधार हीच भाषा होती. कोबोल एकट्या हॉपरबाईंनीं रचली असें म्हणणें मात्र इतरांवर अन्याय होईल. १९६० सालच्या डिसेंबरांत दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर एकच आज्ञावली चालवून दाखविण्यांत आली.

१९६६ अखेर आरमारानें त्यांस निवृत्त केलें आणि पुढल्याच वर्षीं सहा महिन्यांसाठीं परत बोलाविलें. ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले! रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हां त्यांचें वय ७९ होतें. व्याख्यानांत त्या सुमारें ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वांटीत. सेकंदाच्या अब्जाव्या भागांत प्रकाश जास्तींत जास्त एवढेंच अंतर तोडतो, हें त्यांस पटवावयाचें असे. मग आज्ञावली लिहिणारा वेळ उधळण्यापूर्वीं विचार करी. त्यांच्या कचेरींतील घड्याळाचे कांटे उलट फिरत. आजवर असेंच चालत आलें आहे, या सबबीस तें त्यांचें उत्तर होतें. ता. १ जानेवारी १९९२ रोजीं त्या निवर्तल्या.

विद्यार्थ्यांनो, आपणास सांपडलेली वाट दुसऱ्यास उपयोगी पडेल अशी लिहून ठेवणें, हें या बाईंच्या साऱ्या कार्याचें मूळ आहे. तुम्ही आज्ञावली लिहा अथवा भूमितीचा सिद्धांत सोडवा. पायऱ्या स्पष्ट मांडा, चुकांची वही ठेवा, आणि जें नीट जमलें तें शेजाऱ्यास मोकळ्या मनानें द्या. विद्या कुलुपांत ठेवल्यानें वाढत नाहीं.