रुडॉल्फ डीझेल

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला ऊन लागण्याइतकें तापतें, हें आमच्या बहुतेक बालवाचकांस ठाऊक असेल. हवा दाबली म्हणजे ती तापते. एवढ्या साध्या गोष्टीवर ज्यानें आपल्या उमेदीचीं सारीं वर्षें खर्चिलीं, त्या रुडॉल्फ डीझेलचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. डीझेल हें एका तेलाचें नांव आहे असें पुष्कळांस वाटतें. मुळांत तें एका माणसाचें आडनांव होय.

त्याचा जन्म पॅरिस शहरीं ता. १८ मार्च १८५८ रोजीं झाला. आईबाप जर्मन, बाप पुस्तकबांधणीचा व चामडी सामानाचा धंदा करी. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनचा रस्ता धरावा लागला. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फास ऑग्सबुर्ग येथें नातलगांच्या घरीं एकट्यासच धाडण्यांत आलें. घरधनी गणिताचे शिक्षक होते. (शिक्षकाच्या घरीं वाढलेल्या मुलाविषयीं आम्हांस अंमळ अधिक आपुलकी वाटली, तर वाचक क्षमा करतील.) पुढें शिष्यवृत्ति मिळवून तो म्यूनिकच्या तंत्रविद्यालयांत गेला. विषमज्वरामुळें १८७९ ची अखेरची परीक्षा हुकली, पण १८८० सालीं ती त्यानें उत्तम रीतीनें पार पाडली.

म्यूनिक येथें लिंडे नांवाच्या प्राध्यापकाच्या व्याख्यानांत त्याच्या मनास एक गोष्ट लागून राहिली. त्या काळचीं वाफेचीं यंत्रें कोळशांतील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामास लावीत, आणि बाकीची सर्व वायां जाई. दहा रुपयांतील नऊ रुपये रस्त्यांत सांडणाऱ्या नोकरास कोण ठेवील? डीझेलनें मनाशीं योजिलें कीं, नुसती हवा इतकी दाबावी कीं तिच्या उष्णतेनेंच आंत सोडलेलें जळण पेटावें. ठिणगीची गरजच उरूं नये. या कल्पनेचें पेटंट मिळावें म्हणून त्यानें १८९२ सालीं बर्लिन येथें अर्ज केला.

कल्पना सुचणें सोपें, यंत्र चालविणें कठीण. ता. १० ऑगस्ट १८९३ रोजीं ऑग्सबुर्गच्या कारखान्यांत पहिला प्रयोग झाला. आंतील जळण पेटलें खरें, पण असा स्फोट झाला कीं दाब मोजण्याच्या उपकरणाचे तुकडे उडाले. प्राणहानि झाली नाहीं, हें सुदैवच. ता. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं यंत्र स्वतःच्या बळावर सुमारें एक मिनिट फिरलें. एका मिनिटासाठीं इतकीं वर्षें! आणखी तीन वर्षें तेलाचा बारीक फवारा कसा मारावा, याच विवंचनेंत गेलीं. अखेरीस दाबलेल्या हवेच्या झोतानें तेल आंत फेंकण्याची युक्ति त्यास स्वीकारावी लागली. १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक श्रोटर यांनीं यंत्राची जाहीर परीक्षा घेतली, तेव्हां तेलांतील उष्णतेचा २६ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा कामास लागत असल्याचें ठरलें. तरीही पुस्तकांत मांडलेलें यंत्र व प्रत्यक्ष चाललेलें यंत्र तंतोतंत एक नव्हतें, आणि विरोधकांनीं या फरकाचा त्यास पुढें पुष्कळ त्रास दिला. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, असें आम्हांस वाटतें. पण यंत्र चाललें, हेंही तितकेंच खरें.

आतां त्या उष्णतेच्या हिशेबाबद्दल थोडेंसें. सिलिंडरमध्यें तापलेला वायु दट्ट्यास ढकलतो, आणि काम करतां करतां स्वतः निवतो. जितकें काम अधिक, तितका बाहेर पडणारा वायु थंड. म्हणून जहाजावरील इंजिनियर प्रत्येक सिलिंडरच्या धूरनळीवर उष्णतामापक बसवून त्यावर सारखी नजर ठेवितात. मोठ्या इंजिनांत तेथें साधारणतः ३०० ते ४०० अंश सेंटिग्रेड उष्णता असते. ती वाढूं लागली म्हणजे वैद्यानें नाडी पाहावी तसा शोध सुरू होतो. प्रथम मापकच खोटें बोलत नाहीं ना, हें पाहावयाचें. मग एकाच सिलिंडरची उष्णता चढली आहे कीं सगळ्यांची? एकाचीच असेल तर रोग बहुधा त्याच घरांत: तेलाची तोटी ठिबकत असेल, तेल उशिरां पडून दट्ट्या खालीं जाऊं लागल्यावरही जळत राहात असेल, किंवा धूर सोडणारी झडप नीट बसत नसेल. सगळ्यांचीच चढली तर हवेकडे वळावें. हवेची जाळी, हवा कोंबणारा पंखा किंवा ती निववणारें पात्र मळीनें तुंबलें असेल, तर तेलास पुरेशी हवा मिळत नाहीं, आणि धुराड्यांतून काळा धूर निघूं लागतो. कधीं दोष यंत्राचा नसतोच. जहाजाच्या तळास शंखशिंपले व शेवाळ चिकटून ओझें वाढलेलें असतें. कारण न शोधतां तसेंच हांकल्यास झडपा जळतात. ज्यांचे वडील वा भाऊ बोटीवर इंजिनखात्यांत आहेत, त्या विद्यार्थ्यांनीं सुटींत त्यांस याविषयीं अवश्य विचारावें.

समुद्रावर या यंत्राचा खरा बोलबाला १९१२ सालीं झाला. कोपनहेगन येथें बांधलेलें सेलांडिया नांवाचें जहाज त्या वर्षीं डीझेल यंत्रांवर थेट बँकॉकच्या सफरीस निघालें. त्यास उंच धुराडें नव्हतें. धूर डोलकाठींतून बाहेर जाई. कोळसा नाहीं, भट्टीपुढें घामानें निथळणारे आगवाले नाहींत, हें पाहून बंदरोबंदरीं लोक थक्क झाले.

परंतु खुद्द डीझेलचे दिवस फिरले होते. पेटंटांचे तंटे, अतिश्रमानें ढासळलेली प्रकृति आणि व्यवहारांत आलेली खोट, यांनीं तो पोखरला गेला. लाखों मिळविलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज झालें. ता. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटीनें इंग्लंडास निघाला. रात्रीचें जेवण करून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळीं हांक मारावयास गेलेल्यांस खोली रिकामी आढळली. सुमारें दहा दिवसांनीं एका डच नावेवरील लोकांस समुद्रांत एक प्रेत दिसलें. त्यांनीं खिशांतील कांहीं किरकोळ वस्तू काढून घेतल्या व देह पुन्हां पाण्यांत सोडला. तो पडला कीं त्यानें स्वतः उडी घेतली, हें निश्चित झालें नाहीं. त्या वस्तू पुढें त्याच्या मुलास दाखविण्यांत आल्या, आणि त्या आपल्या वडिलांच्याच असल्याचें त्यानें ओळखिलें.